गाडी खाली, चाके बाहेर : दोन्ही एकत्र का नको?

छोट्या गाडीला रुंद अलॉय व्हील लावणे आता गोंदियात नवलाचे राहिलेले नाही. चाके बसली की टायर आणि मडगार्डमधली चार बोटे जागा डोळ्यांत खुपू लागते. मग गाडी ३०-४० मिलिमीटर खाली आणणारी लोअरिंग स्प्रिंग बसवण्याचा विचार सुरू होतो. त्याआधी एक गोष्ट समजून घ्या : ती जागा रिकामी नाही.

ती जागा कशासाठी असते?

खड्डा, उंचवटा आला की चाक वर उचलले जाते. स्टिअरिंग फिरवले की ते आत-बाहेर वळते. त्यासाठी कंपनीने ही जागा राखलेली असते. लोअरिंग स्प्रिंग ती वरून कमी करते, रुंद रिम बाजूने. एकेक बदल कदाचित निभावतो. दोन्ही एकत्र आले की चाकाला हलायला वाव उरत नाही.

हिशेब कसा?

रिमवर ‘ईटी’पुढचा आकडा म्हणजे ऑफसेट. रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेर आहे, ते तो सांगतो. समजा मूळ रिम ६ इंची, ईटी ४५ आहे आणि नवी ८ इंची, ईटी ३५. नव्या रिमची बाहेरची कड सुमारे ३५ मिलिमीटर मडगार्डकडे सरकते, आतली सुमारे १५ मिलिमीटर शॉकअपकडे.

गाडीत एकटे असताना हे जाणवत नाही. पाच जण आणि डिकीत सामान घेऊन आमगावमार्गे देवरीला निघाले की मडगार्डची कड टायरला घासू लागते. असा कापत गेलेला टायर राष्ट्रीय महामार्ग ५३ वर वेगात फुटला, तर धोका मागे बसलेल्या मुलांनाही असतो.

आणखी काय बिघडते?

आखूड स्प्रिंगसोबत जुनाच शॉकअप ठेवला, तर तो लवकर तळाला टेकतो आणि धक्का थेट बॉडीला बसतो. चाकांचे कोन बदलतात; अलाइनमेंट केली नाही तर टायर एका कडेने झिजतो. १८५/६५ आर १५ टायरची बाजू १२० मिलिमीटर उंच असते, २१५/४५ आर १७ ची जेमतेम ९७. खड्ड्यात रिम वाकण्याची भीती तेवढी वाढते.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. तो रुंद असल्याने चाकेही चढावर असतात आणि गाडी निभावते. गावातला अरुंद, उंच गतिरोधक मात्र थेट तळाला लागतो. चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांतून रस्त्यावर पडलेली ढेकळेही तेच करतात.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालणार नाही, असे स्पष्ट केले. कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो, तो वेगळाच.

मग करायचे काय?

हौस असावी, पण ती मापात. कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेल्या मापाचेच रिम आणि टायर घ्या, स्प्रिंगला हात लावू नका. स्प्रिंग आधीच बदलली असेल, तर गाडी पूर्ण भरून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून टायर कुठे घासतो ते पाहा. घासत असेल तर मूळ स्प्रिंग परत बसवा.

प्रशासनानेही केवळ मालकाला दंड करून थांबू नये. असे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत नियम ठळकपणे लावायला सांगावे आणि मानकाबाहेरचे गतिरोधक काढावेत. गाडी किती खाली बसली हे बघणारे चौकात भेटतील. ती सुखरूप परतली का, हे घरचेच बघतात.