कायदा नळी मोजतो, हात कोण मोजणार?

कोलंबस आणि आसपासच्या मंडळींनो, हरणांचा गन सीझन जवळ आला की आपल्या ग्रुपवर तोच प्रश्न फिरायला लागतो: ".४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरने हरीण किती अंतरावरून पडतं?" उत्तरंही ठरलेली. कुणी म्हणतं १०० यार्ड, कुणी १५०. एका पठ्ठ्याने तर यंदा २०० लिहिलंय आणि त्याला लाइकही मिळालेत. मला याचा राग येतो. का, ते सांगतो.

गोळीत दम आहे, त्यावर वादच नाही. २४० ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण १,३५० फूट वेगाने सुटते आणि १०० यार्डांवरही हरीण मारण्याइतका जोर तिच्यात उरतो. पण ती लागते कुठे? ५० यार्डांवर नेम जुळवलेली रिव्हॉल्व्हर १०० वर पाच-सहा इंच खाली मारते आणि १५० वर दीड फुटाहून जास्त खाली. हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मावतात आठेक इंचांच्या गोलात. १५० यार्डांवर अंतराचा अंदाज वीस यार्डांनी चुकला, की गोळी त्या गोलाबाहेर गेलीच समजा.

आता हाताचं गणित. पुढची माशी आणि मागची खाच यांत अंतर जेमतेम वीतभर. तिथे एक मिलिमीटर चूक झाली, तर ५० यार्डांवर गोळी सुमारे २३ सेंटीमीटर बाजूला जाते, १०० वर त्याच्या दुप्पट. कडाक्याची थंडी, अंगात जाड कोट, छातीत धडधड, आणि चुकायला मुभा एक मिलिमीटरचीही नाही! स्कोप लावला तर माशीचा प्रश्न सुटेल, हात थरथरायचा तो थरथरणारच.

मग कुणीतरी एल्मर कीथचं नाव काढतं. १९५५ साली .४४ मॅग्नम बाजारात यावं म्हणून झटलेला हा माणूस. त्याने ६०० यार्डांवरून हरीण मारल्याचं लिहिलं, ते सगळ्यांना पाठ. ते हरीण साथीदाराच्या रायफलने आधीच जखमी झालं होतं आणि कीथच्या पहिल्या गोळ्या चुकल्या होत्या, हे मात्र कुणी सांगत नाही.

चुकलेल्या गोळीची किंमत हरीण मोजतं. पोटात गोळी लागलेलं हरीण लगेच पडत नाही. ते झाडीत शिरतं, तासन् तास तडफडतं आणि बऱ्याचदा सापडतही नाही. मांस वाया, जीवही वाया.

ओहायोचा कायदा काय म्हणतो? हँडगनची नळी किमान ५ इंच हवी, काडतूस .३५७ किंवा त्याहून मोठं हवं. हंटर एज्युकेशनचा कोर्स करा, लेखी परीक्षा द्या, झालं. एकही गोळी झाडून दाखवावी लागत नाही! फिनलंडमध्ये हरीण किंवा मूस मारण्याआधी ७५ मीटरवर रायफलचा नेम सिद्ध करावा लागतो. जर्मनीतही शिकाऱ्याच्या परीक्षेत नेमबाजी आहेच. तिथले शिकारी काही संपले नाहीत.

"सरकारला मध्ये आणू नका, हा आमचा हक्क आहे," असं काहीजण म्हणतील. अहो, सरकार मध्ये आहेच की! तुमच्या नळीची लांबी तेच ठरवतं. मग दोन ठरावीक अंतरांवर सहा-सहा गोळ्या मारून दाखवा म्हटलं, तर कुठे आभाळ कोसळणार आहे?

आपल्या मराठी मंडळींना तर हे जास्तच लागू. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हौशी शिकारीला वावच उरला नाही. "थांब, इतक्या लांबून मारू नकोस," असं म्हणणारा आजोबा किंवा काका आपल्यापैकी फार थोड्यांना लाभला. आपण शिकलो व्हिडिओ बघून, आणि व्हिडिओत चुकलेला नेम सहसा कुणी टाकत नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आमदारांना लिहायला हवंच, मी लिहितोय. तोवर एक कागदी प्लेट घ्या, आठ इंचांची. टेबलाचा आधार नको. कोट घालून, थोडं भरभर चालून या आणि सहा गोळ्या मारा. सहाच्या सहा प्लेटमध्ये बसतात ते सगळ्यात लांबचं अंतर, तीच तुमची रेंज. बहुतेकांची ५० यार्डांच्या आतच निघेल, आणि त्यात लाज कसली?

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर प्लेट घेऊन रेंजवर या, तिथे बोलू.