लव्हलेनच्या मुलीचा जाड आवाज

घोडपदेवच्या चाळीत बेंजो पार्टीचा सराव सुरू झाला की वडीलधारी मंडळी हमखास म्हणतात, "दुसऱ्याचीच गाणी वाजवता, तुमचे स्वतःचे काय?" मुलांना उत्तर सुचत नाही. मान खाली घालून ती पुन्हा वाजवू लागतात. त्या मुलांसाठी आज आपल्या शेजारच्याच एका बाईंची हकिगत सांगतो. त्या लहानपणी भायखळ्याच्या लव्हलेनमध्ये राहत. नाव उषा उथुप.

जन्म १९४७ सालचा, मुंबईतला. घर तमीळ, वडील पोलीस खात्यात. शाळा भायखळ्याचीच, सेंट अ‍ॅग्नेस. आवाज इतका जाड की गाण्याच्या वर्गातून त्यांना बाहेर काढले गेले. मुलीचा आवाज नाजूकच हवा हा जुना हट्ट आहे आणि तो आपल्याही घरांत आहे. भसाड्या आवाजाची मुलगी गाऊ लागली की आधी आईच तिला गप्प करते. पण त्याच शाळेतल्या संगीत शिक्षिकेने पोरीच्या अंगातला ताल ओळखला आणि तिच्या हातात वाजवायला लोखंडी त्रिकोण दिला. गाणे शिकवले ते घरच्या रेडिओने. नवव्या वर्षी रेडिओ सिलोनच्या 'ओव्हल्टीन म्युझिक अवर'मध्ये त्या गायल्या. गाणे कोणते? 'मॉकिंगबर्ड हिल'. म्हणजे दुसऱ्याचेच!

१९६८ साली त्यांनी दोन इंग्रजी गाणी ध्वनिमुद्रित केली. 'जांबालाया' हे अमेरिकेच्या हँक विल्यम्सचे १९५२ सालचे गाणे, तर 'ग्रीनबॅक डॉलर' किंग्स्टन ट्रायो या त्रिकुटाने गाजवलेले. दोन्ही उसनी, पण कंठ उसना नव्हता. पुढच्याच वर्षी मद्रासच्या 'नाइन जेम्स' या नाइट क्लबात त्या साडी नेसून उभ्या राहिल्या आणि गायल्या. तिथून कलकत्त्याचे 'ट्रिंकाज', मग चित्रपट.

तुमच्या आमच्या लग्नाच्या वरातीत वाजणारे 'हरी ओम हरी' आठवते ना? १९८० च्या 'प्यारा दुश्मन'मधले, संगीत बप्पी लाहिरींचे, आवाज उषाताईंचा. ती चाल १९७९ साली लंडनच्या 'इरप्शन' बँडने गाजवलेल्या 'वन वे तिकीट'ची. आणि इरप्शनचे तरी ते कुठे होते? नील सेडाका हे गाणे १९५९ सालीच गाऊन बसला होता. एक गाणे किती दारे हिंडून आपल्या बेंजोवर आले पाहा.

मात्र यात पैशाचाही प्रश्न आहे, आणि तो कष्टकरी माणसाने विसरू नये. इंग्लंडच्या लीड्स शहरातला 'सॉफ्ट सेल' हा दोन तरुणांचा बँड, त्या काळच्या न्यू वेव्ह नावाच्या नव्या लाटेतला. १९८१ साली 'टेंटेड लव्ह' या गाण्याने तो एकदम पहिल्या क्रमांकावर गेला. हे गाणे ग्लोरिया जोन्स या कृष्णवर्णी गायिकेचे. तिची तबकडी १९६५ साली निघाली तेव्हा अमेरिकेत कोणी विचारले नाही. पुढे उत्तर इंग्लंडच्या गिरणी-कारखान्यांच्या गावांत कामगार पोरे रात्ररात्र तिच्यावर नाचली, तेव्हा कुठे गाणे जगले. सॉफ्ट सेलने तबकडीच्या मागच्या बाजूलाही दुसऱ्याचेच गाणे घातले. परिणाम असा की खप प्रचंड झाला, पण गीतलेखनाचा हक्काचा पैसा त्यांना मिळाला नाही. 'टेंटेड लव्ह'चा तो वाटा एड कॉब या गीतकाराचा. ग्लोरियाने ते लिहिले नव्हते, म्हणून तिलाही त्यात वाटा नाही.

आपल्या गायन पार्ट्यांनी चित्रपटांच्या चालींवर कितीतरी भीमगीते बांधली आणि वस्ती-वस्तीत पोहोचवली. शब्द त्यांचे, तळमळ त्यांची. त्याला नक्कल म्हणणाऱ्याने ती रात्रभर बसून ऐकलेली नाहीत. पण त्या शब्दांचे कवी कोण, हे कॅसेटवर नेहमी छापले जाई का? घरात जुन्या कॅसेट असतील तर काढून पाहा.

उषाताईंना २०११ साली पद्मश्री आणि २०२४ साली पद्मभूषण मिळाले. तेव्हा पोरांनो, बेंजो खुशाल वाजवा. फक्त 'हरी ओम हरी' धरण्याआधी माइकवर उषाताईंचे आणि बप्पीदांचे नाव घ्या, आणि 'वन वे तिकीट' लिहिणाऱ्या जॅक केलर व हँक हंटर या दोघांचेही. ही नावे वहीत उतरवून ठेवा, आयत्या वेळी आठवत नाहीत.