टाचण दारावर लावा

राज्यातल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत या आठवड्यातही एक गणित रोज न चुकता सोडवले जाईल. हजर मुले गुणिले शंभर ग्रॅम तांदूळ; सहावी ते आठवीचे वर्ग असतील तर तिथे दीडशे ग्रॅम. आलेला साठा, शिजवलेला तांदूळ आणि शिल्लक यांचा मेळ बसला पाहिजे आणि तो ऑनलाइनही भरला गेला पाहिजे. गुणाकार, बेरीज, वजाबाकी, ग्रॅमचे किलोग्रॅम असा प्राथमिक गणिताचा बराचसा अभ्यासक्रम त्यात येऊन जातो. अडचण एवढीच की, हे गणित मुख्याध्यापक सोडवतात. मुले तोवर शुद्धलेखन लिहीत बसतात.

मग मुले या आठवड्यात शिकत काय आहेत? प्रश्न साधा आहे, पण शाळांबद्दलची एवढी माहिती गोळा होते, तिच्यात याचे उत्तर सापडत नाही. किती मुलांच्या आधार क्रमांकाची जुळणी राहिली, स्वच्छतागृहाला पाणी आहे की नाही, झाडासोबत किती जणांचे फोटो चढवले गेले, हे सारे तालुक्याला कळते. तिसरीची मुले हातच्याच्या वजाबाकीपर्यंत पोहोचली की बेरजेतच अडकली, हे विचारणारा संदेश मात्र शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर क्वचितच येतो. तिथे येतो तो ‘अतितातडीचे, आज दुपारी चारपर्यंत’.

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. म्हणजे दिवसाला चार तास. याच कायद्यानुसार ६० पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला शिक्षक मिळतात दोन. शाळा चौथीपर्यंतची धरली तरी एका शिक्षकाकडे दोन इयत्ता येतात, म्हणजे एकेका वर्गाच्या वाट्याला गुरुजी येतात दोन तास. त्यातही एक जण मुख्याध्यापकाचा कार्यभार सांभाळणार, वर सांगितलेले तांदळाचे गणित सोडवणार आणि केंद्रावर बैठक असेल तर तिलाही जाणार. त्या दिवशी चारही वर्ग एका खोलीत बसतात आणि पहिलीतल्या मुलाच्या कानावर चौथीचे शिवाजी महाराज पडतात. ऐकून मूल शिकते हे खरेच. फक्त त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची, ते अजून ठरलेले नाही.

कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्तीतले मदतकार्य आणि निवडणुका एवढेच अपवाद ठेवून शिक्षकांना बाकीच्या अशैक्षणिक कामांतून मोकळे केले आहे. अपवाद मोजून तीन. पण निवडणुकांचे काम मतदानाच्या दिवसापुरते नसते, मतदार याद्यांचे काम वर्षभर निघते, आणि आता २०२७ ची जनगणनाही आहे. शिक्षण विभागाने २०२४ मध्ये शैक्षणिक कामे कोणती आणि अशैक्षणिक कोणती, याची वर्गवारीच करून टाकली. कामे कमी करण्यापेक्षा त्यांची वर्गवारी करणे नेहमीच सोपे असते.

इकडे उद्दिष्टे ठरलेली आहेत आणि ती वाईट नाहीत. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ने २०२६-२७ पर्यंतची मुदत घातली आहे. तिसरी संपताना मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, ९,९९९ पर्यंतच्या संख्यांशी व्यवहार करावा, ही अपेक्षा आहे. ‘प्रथम’च्या २०२४ च्या ‘असर’ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हेच प्रमाण १६.३ टक्के होते. प्रगती आहे, तिचे श्रेय वर्गात उभ्या राहिलेल्या शिक्षकांचे आहे. पण मिनिटाला ६० शब्दांपर्यंत पोहोचायचे तर शिक्षकाला ती मिनिटे वर्गात मिळायला हवीत, हा त्रैराशिकाचा साधा भाग आहे.

हे दुखणे फक्त सरकारी शाळांचे आहे, असे समजून इंग्रजी माध्यमाची फी भरणाऱ्या पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकू नये. सोमवारी निळे कपडे, बुधवारी फळाचा मुखवटा, शुक्रवारी आजी-आजोबा दिन आणि त्यासाठी थर्माकोल, हे त्यांना रात्री दहा वाजता मोबाइलवर कळते. थर्माकोल कुठे मिळेल हेही त्यांना तोवर पाठ झालेले असते. त्या सबंध आठवड्यात पोराने भाषेत काय वाचले, हे विचारावे तर वर्षातून दोनदा होणाऱ्या पालकसभेत पाच मिनिटांची रांग लावावी लागते. खर्च अधिक आणि अज्ञान सारखेच.

गंमत अशी की, या प्रश्नाचे उत्तर शाळेत लिहून तयार असते. शिक्षक वार्षिक नियोजन करतात, घटक नियोजन करतात आणि टाचण काढतात. कोणत्या दिवशी कोणता घटक, कोणते साहित्य, कोणता उपक्रम, सारे त्या वहीत असते. त्या वहीवर मुख्याध्यापकांची सही होते, केंद्रप्रमुख आले की तेही ती चाळतात. ज्याच्या मुलासाठी हे सारे लिहिले जाते, तो पालक तेवढा ती वही कधी पाहत नाही. वास्तविक शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार मुलाची शिकण्याची क्षमता आणि प्रगती पालकांना नियमित सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे, आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असायला हवेत. त्या समितीच्या बैठकीत रंगरंगोटी, कुंपण आणि शाळेच्या गेटवर चर्चा होते. ‘या महिन्यात मुले काय शिकली’ हा विषय पत्रिकेवर असतो का, हे सदस्यांनीच एकदा इतिवृत्त उघडून पाहावे.

म्हणून एक स्वस्त सूचना. दर सोमवारी टाचणातल्या चार ओळी शाळेच्या दारातल्या फळ्यावर लिहाव्यात. पहिली, जोडशब्दांचे वाचन. तिसरी, हातच्याची वजाबाकी. चौथी, नकाशातल्या दिशा. शेताकडे निघालेली आई वाचेल, नाही आले वाचता तर लेकाकडून वाचून घेईल, आणि संध्याकाळी ‘आज काय शिकवलं?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हे उत्तर देणे पोराला अवघड जाईल. यासाठी निधी लागत नाही, प्रशिक्षण लागत नाही, उद्घाटनालाही कोणी लागत नाही.

विभागाला मात्र हात जोडून एक विनंती. ही सूचना आवडलीच तर तिचे अभियान करू नये, तिला नाव देऊ नये, आणि त्या फळ्याचा फोटो दुपारी चारपर्यंत चढवायला सांगू नये.