तान्ह्या मुलाचा खेळ आणि बापाचे कर्तव्य

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास खात्याने २०२४ साली ‘नवचेतना’ नावाचा एक आराखडा प्रसिद्ध केला. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांशी घरच्या माणसांनी व अंगणवाडी सेविकांनी कसे बोलावे, त्यांस कसे खेळवावे, हे त्यात वयाच्या क्रमाने सांगितले आहे. ही वार्ता ऐकून आपल्या शहरातील पुष्कळ शहाण्या गृहस्थांस हसू येईल. तान्हे मूल खेळविण्यासही आता सरकारी पुस्तक हवे काय, असे ते विचारतील. आणि आमच्या आज्यांनी कोणता आराखडा वाचला होता, असेही वर म्हणतील. आजीपुरता हा प्रश्न रास्त आहे. परंतु तो विचारणाऱ्या गृहस्थाने स्वतःच्या तान्ह्या मुलास गेल्या आठवड्यात किती वेळ खेळविले, याचे उत्तर आधी द्यावे, असे आम्ही सुचवितो.

खेळ म्हणजे मूल रडू नये म्हणून केलेली करमणूक, अशी सामान्य समजूत आहे. ती चुकीची आहे. नुकत्याच जन्मलेल्या मुलास वीत-सव्वा वीत अंतरावरचेच काय ते नीट दिसते; आणि अंगावर पिणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपासून आईचा चेहरा जवळजवळ तेवढ्याच अंतरावर असतो. म्हणजे मुलाच्या हाती पडलेले पहिले पुस्तक मनुष्याचा चेहरा हेच होय. दीड-दोन महिन्यांचे झाले की ते माणूस पाहून हसते. आपण बोललो की हुंकार देते, आपण त्या हुंकारास उत्तर दिले की पुन्हा हुंकार देते. संभाषणाचा धडा तेथूनच सुरू होतो. आठ-नऊ महिन्यांचे मूल पदराआड गेलेले तोंड शोधण्यासाठी पदर ओढू लागते. दृष्टीआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही, हे ज्ञान त्यास या वेळी होत असते, असे स्वित्झर्लंडातील मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी आपल्या मुलांचे बारकाईने निरीक्षण करून दाखविले. जे ज्ञान मिळविण्यास एका विद्वानाला इतका खटाटोप करावा लागला, ते मूल आजीच्या पदराशी हसत हसत शिकते.

दोन वर्षांचे होईतो मुलाचा मेंदू आकाराने प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के होतो. हे अंग दूधभाताने वाढते खरे. परंतु मेंदूतील तंतूंची परस्परांशी जी जोडणी व्हावयाची, ती पाहणे, ऐकणे, स्पर्श आणि बोलणे यांच्या नित्य वापराने पक्की होते. शेतातील पायवाटेसारखाच हा प्रकार आहे. जिच्यावरून रोज माणसे जातात ती रुळते. जिच्यावरून कोणी जात नाही ती बुजते.

या देवघेवीची मुलास किती गरज असते, हे अमेरिकेतील एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात एका साध्या प्रयोगाने दाखविले. आई मुलाशी हसतखेळत बोलत असता तिला दोन-तीन मिनिटे चेहरा निर्विकार ठेवावयास सांगितले. आई समोरच होती. तिने मुलास टाकले नव्हते की मारले नव्हते. तरीही मुलाने प्रथम हसून पाहिले, हात पुढे केले, आवाज काढले. आणि काही केल्या उत्तर येत नाही असे पाहून ते तोंड फिरवून कष्टी झाले. हा प्रयोग वाचताना आम्हांस आपल्या घरांतील एक नित्याचे दृश्य आठवल्यावाचून राहत नाही. बाप घरी असतो, मूल मांडीवर असते, आणि बापाचे डोळे मोबाईलवर खिळलेले असतात. मांडी मिळाली, माणूस मिळाला नाही! पुढे मूल कुरकुरू लागले की तोच मोबाईल त्याच्या हाती दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्टपणे सांगितले आहे की, एक वर्षाखालील मुलास पडदा मुळीच दाखवू नये, आणि दोन वर्षांचे झाल्यावरही दिवसाकाठी एका तासाहून अधिक दाखवू नये.

आपल्या घरांतील जुन्या चालीरीतींत या दृष्टीने जे चांगले आहे, ते आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. पायांवर घेऊन तेल लावणे, न्हाऊ घालताना सारखे बोलत राहणे, बोटे एकेक करून मोजणे, टाळ्या पिटावयास शिकविणे, चिऊकाऊच्या नावाने घास भरविणे, या सर्वांत स्पर्श, शब्द आणि उत्तर यांचा सुंदर मिलाफ आहे. बाजारातील महाग खेळण्यांवाचून मुलाचे काही एक अडत नाही. वाटी, चमचा, रिकामा डबा आणि लाकडी खुळखुळा एवढ्यावर वर्षभराचे शिक्षण होते. हल्ली मुलास आत बसवून सोडून देण्याचे चाकांचे वॉकर घरोघर दिसतात. त्यांनी मूल लवकर चालते हा समज खोटा आहे, आणि अपघातांमुळे कॅनडाने तर २००४ साली त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. आपला जुना पांगुळगाडा, जो मूल स्वतः उभे राहून ढकलते, तो याहून शहाणपणाचा होता.

परंतु जुन्या चालीरीतींत एक मोठे वैगुण्यही आहे, आणि या लेखाचे प्रयोजन तेच होय. हे सारे काम बायकांचे, असे आपण ठरवून टाकले. वडीलधाऱ्यांच्या देखत आपले मूल कडेवर घेणे हा एकेकाळी बापाचा निर्लज्जपणा समजला जाई. ती लाज आता पुष्कळ कमी झाली आहे, पण तिची जागा कर्तव्याने न घेता सवडीच्या अभावाने घेतली आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली आपल्या नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्या शहरास आईचे माहात्म्य सांगावयास नको. बापाचे काम मात्र सांगावे लागते. मेन रोड, रविवार कारंजा, भद्रकाली येथील दुकानदाराचा दिवस पाहावा. रात्री हिशोब मिटवून तो घरी येतो तेव्हा मूल निजलेले असते. सकाळचा वेळ देवपूजा, वर्तमानपत्र आणि दुकानाची घाई यांत जातो. असा बाप मुलाचे वाढदिवस मोठ्या थाटाने करतो, पण मूल त्यास ओळखते ते घरी येणारा एक पाहुणा म्हणून.

येथे कायद्यानेही एक गंमत केली आहे. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवावे लागे. २०१७ च्या महाराष्ट्राच्या नव्या कायद्याने आठवडाभर दुकान उघडे ठेवण्यास मोकळीक दिली. मात्र नोकरास साप्ताहिक सुट्टी दिलीच पाहिजे असे बंधन ठेवले. म्हणजे नोकराच्या मुलास आठवड्यातून एक दिवस बाप मिळण्याची सोय कायद्याने केली. शेटजींच्या मुलाची सोय शेटजींनीच करावयाची आहे.

यावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला, असे खेळविल्याने मूल लाडावते. वर्षाच्या आतील मुलास हवे तेव्हा उत्तर मिळाल्याने ते बिघडत नाही. उलट, हाक मारली असता कोणी येते, हा विश्वास त्याच्या ठायी उत्पन्न होतो, आणि ज्यास तो विश्वास आहे तेच मूल पुढे धीटपणे एकटे खेळते. दुसरा, पुरुषास हे जमत नाही. ज्या पुरुषास दहा गिऱ्हाइकांची मने एका वेळी राखता येतात, त्यास एका मुलाचे मन राखता येऊ नये, हे आम्हांस पटत नाही. तिसरा, यातून मिळते काय? व्यापारी वाचकांच्या या प्रश्नास आम्ही व्यापारी भाषेतच उत्तर देतो.

जमैका बेटावरील किंग्स्टन शहरात १९८६-८७ साली सॅली ग्रॅन्थम-मॅकग्रेगर या विदुषीने गरीब वस्त्यांतील वाढ खुंटलेली १२९ मुले निवडली. काहींस आठवड्याला पूरक दूध दिले. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा आरोग्यसेविका पाठविली. ती सुमारे तासभर बसून घरी केलेल्या साध्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे, हे आईस दाखवी. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी पाहता, ज्यांच्या घरी खेळ पोहोचला होता, त्यांची कमाई तशाच परिस्थितीतील इतर मुलांहून सरासरी २५ टक्क्यांनी अधिक भरली. नुसत्या दुधाचा असा टिकाऊ लाभ आढळला नाही. दूध नको असा याचा अर्थ कोणी काढू नये. पोट भरलेच पाहिजे. पण पोटाबरोबर मनही भरावे लागते, एवढाच याचा अर्थ. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. तेव्हा जमैकाची ही गोष्ट आपल्यास परकी नाही.

आणि म्हणूनच हा विचार शहरातील सुखवस्तू घरांपाशी थांबवून चालणार नाही. ऑक्टोबरात द्राक्षबागांची गोडी छाटणी सुरू झाली की सुरगाणा, पेठ या भागांतून मजुरांची कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे उतरतात. आई वेलीखाली काम करते आणि मूल बांधावरच्या झोळीत असते. त्या माउलीस ‘मुलाशी खेळ’ असा उपदेश करणे म्हणजे तिची थट्टा होय. तेथे कर्तव्य बागाईतदाराचे आहे. एका सावलीच्या जागी मुले जमवून त्यांजपाशी एक प्रेमळ बाई बसविली, तर तिची मजुरी बागेच्या खर्चात जाणवणारही नाही. कारखान्यांसाठी तर कायदाच आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची रजा आणि पन्नास किंवा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघर ठरविले, आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद कायम आहे. सातपूर व अंबड येथील प्रत्येक कारखानदाराने आपले पाळणाघर खरोखर चालते की नुसते कागदावर आहे, हे स्वतः जाऊन पाहावे. बापाच्या रजेची गोष्ट मात्र अजून मागेच आहे. केंद्र सरकारच्या नोकरास पंधरा दिवस मिळतात; खाजगी नोकराचे सारे मालकाच्या मर्जीवर.

आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या पालघरच्या मुलखात, बोर्डी येथे १९४५ साली, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम उभे केले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. शंख, शिंपले, बिया, पाने हीच साधने केली. आज ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर झाला आहे. परंतु अंगणवाडीत मूल शिकावयास बसते ते तीन वर्षांचे झाल्यावर. त्यापूर्वीची तीन वर्षे कोणत्याही शाळेच्या हाती नाहीत. ती घराच्या हाती आहेत, आणि घरात बापही असतो.

आमच्या सूचना थोड्या आहेत. व्यापारी मंडळींनी एकमताने आठवड्यातून एक दिवस दुकाने बंद ठेवावी, आणि तो दिवस उधारी-वसुलीस न लावता घरी काढावा. अंगणवाडीत पालकांस बोलाविले जाते तेव्हा बापांनी तेथे जावे. आज तेथे बहुधा आयाच दिसतात. कारखानदारांनी व बागाईतदारांनी मुलांसाठी सावलीची आणि माणसाची सोय करावी. आणि ज्याच्या घरी तान्हे मूल आहे अशा प्रत्येक बापाने रोज निदान अर्धा तास मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून जमिनीवर बसावे. पुस्तक नको, खेळणे नको, पैसा नको. मूल आवाज काढील, त्यास उत्तर द्यावे. पुढच्या वर्षी हे मूल रांगावयाचे राहणार नाही, पाळण्यात मावणार नाही. दुकान मात्र तेथेच राहील.