माळरान पडीक नाही

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडे, सासवड, बारामती, दौंड, इंदापूरच्या माळांवर भारतीय लांडगा अजून टिकून आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो वाघाच्या पंगतीला बसतो. त्याच्या माळाला मात्र असे कवच नाही. चिंकारांसाठी १९९७ मध्ये जाहीर झालेले सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचे. लांडग्यांचा एक कळप याहून कितीतरी मोठ्या मुलखात फिरतो. उरलेला माळ म्हणजे वनखात्याचे तुकडे, गायराने आणि खासगी रान. सरकारी दप्तरात त्यातले बरेचसे ‘पडीक’ ठरते.

पडीक म्हणायचे ते कशाला? पावसाळ्यात इथे कुसळी आणि पवन्या गुडघाभर वाढतात, धनगरांची मेंढरे त्यावर चरतात. हिवाळ्यात ओघळीच्या काठी लांडगीण बिळात पिल्ले घालते. अशा जागी खड्डे खणून झाडे लावणे हेही माळ मोडणेच आहे. वस्ती वाढली की भटकी कुत्री येतात, आणि पुण्याजवळच्या लांडग्यांत कुत्र्यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीत सिद्धही झाले आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात ‘वन’ या शब्दाचा अर्थ व्यापक केला. मालकी कोणाचीही असो, जंगलाच्या स्वरूपाची जमीन वनसंवर्धन कायद्याखाली आली. माळरान या व्याख्येच्या कडेलाच उभे होते. २०२३ च्या दुरुस्तीने कायदा मुख्यतः अधिसूचित आणि सरकारी नोंदीतल्या वनांपुरता आणला, तेव्हा तो आधारही डळमळला. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशाने जुनी व्याख्या तूर्त कायम ठेवली. पण अंतरिम आदेशावर लांडग्याचे भवितव्य सोपवता येत नाही.

माळ गेला की काय होते, याचे उदाहरण सोलापुरातल्या माळढोक पक्ष्याचे आहे. नान्नजच्या परिसरात १९७९ मध्ये ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. त्यात गावे, शेते, शहरेही आली, निर्बंधांनी लोक त्रासले, आणि शेवटी क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. त्रास खरा होता, पण त्याच काळात माळ शेतीखाली आणि बांधकामाखाली जातच राहिले. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालणाऱ्या या पक्ष्याला ती घट पेलली नाही. आज महाराष्ट्रात माळढोक दिसणे दुर्मीळ आहे.

पुणे जिल्ह्यात अजून वेळ आहे. गायराने आणि वनखात्याचे तुकडे यांची गटनिहाय पाहणी करून ‘गवताळ माळ’ अशी नोंद महसूल दप्तरात व्हायला हवी. मेंढपाळांचा चराईचा हक्क त्यातच लिहायला हवा, आणि लांडग्याने मेंढरू नेले तर भरपाई वेळेत मिळायला हवी.