मावळात मुक्कामाला या

लोहगड ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. शिवकाळाशी नाते सांगणाऱ्या बारा किल्ल्यांना हा मान मिळाला, त्यांत मावळातला हा एक. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, १५ जूनच्या रविवारी, याच तालुक्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि चार माणसे गेली. आदल्या वर्षी ३० जूनला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच घरातले पाच जण वाहून गेले. तोही रविवारच होता. गडाचा अभिमान आणि रविवारची ही गर्दी यांचा विचार मावळात वेगवेगळा करता येत नाही. रस्ते तेच, गावे तीच आणि येणारे आपणही तेच.

अशा घटनांनंतर बंदीचे आदेश निघतात, ते निघालेच पाहिजेत. पण दुखणे त्याहून खोल आहे. आपण मावळात येतो, राहत नाही. सकाळी गाडी काढायची, चार ‘पॉइंट’ उरकायचे, चिक्कीचे पुडे घ्यायचे आणि रात्री उशिरापर्यंत रांगेत अडकून घरी पोहोचायचे. यात विसावा कुठे आहे? आणि इतिहास तरी कुठे आहे?

पावसाळ्यात मावळात मुक्काम करण्याची रीत दोन हजार वर्षांची आहे. आठ महिने फिरणारे भिक्खू पावसाचे दिवस एका जागी काढत, त्याला वर्षावास म्हणत. कार्ल्याच्या चैत्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी शिलालेख आहे. वलूरक इथल्या लेण्यांत जे कोणी वर्षावासाला राहतील, मग ते कुठूनही आलेले असोत, त्यांच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दान दिल्याचे तो सांगतो. वलूरक म्हणजे हीच कार्ल्याची लेणी. पावसात येऊन राहणाऱ्या अनोळखी माणसाच्या जेवणाची सोय म्हणून अख्खे गाव! हा लेख कळल्यापासून मला मावळातली सुट्टी वेगळीच वाटू लागली. याच चैत्याच्या दारावर धेनुकाकटच्या सिंहदत्त या अत्तरविक्याचे नाव आहे, त्याच गावच्या सामी या सुताराचे आहे. खांब देणाऱ्यांत यवनही आहेत. घाटातून जाणाऱ्या-येणाऱ्यांनी हे उभे केले. एकवीरेच्या दर्शनाला आलेल्या प्रत्येकाने दहा पावले पुढे जाऊन ही नावे पाहावीत. देवीचे देऊळ चैत्याच्या अगदी तोंडाशीच आहे.

भाजे तर त्याहून जुने. मळवलीला लोकलने उतरावे, एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडावा आणि चालत गावात यावे. चैत्यात शिरल्यावर आधी खांब पाहावेत. ते सरळ उभे नाहीत, किंचित आत झुकलेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार पेलायला खांब तिरके लावत, कातळात त्याची गरज नव्हती, तरी कारागिराने हात तसाच चालवला. वर पाहिले की छताला खऱ्या लाकडाच्या कमानी दिसतात. या डोंगरातल्या दोन हजारांहून अधिक पावसाळ्यांतून हे लाकूड टिकले आहे. पुढे दक्षिणेच्या टोकाच्या विहारात एक स्त्री वाद्य वाजवते आहे आणि शेजारची नाचते आहे. वादिकेचे हात पाहायला बसावे लागते. उभ्या उभ्या फोटो काढून निघणाऱ्याला ते दिसत नाहीत.

मला असे बसायला मिळाले ते आठवड्याच्या मधल्या दिवशी गावातच राहिल्यामुळे. आवणीचे दिवस होते. खाचरात गुडघाभर चिखल, वाकलेल्या बाया, मुठीमुठीने पुढे सरकणारे रोप. घरच्या आजींनी सकाळीच सांगितले, “दादा, आज आवनीची घाई हाय, जेवाया उशीर व्हईल. भूक लागली तर चुलीपाशी भाकरी झाकून ठिवलीय.” दुपारी अडीचला पिठले आणि वाफाळता इंद्रायणी भात आला. हे वाण इथल्याच वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने दिलेले. त्या भाताचा वास, कौलांवरचा पाऊस आणि मध्ये कोणी काही बोलत नाही, एवढ्यासाठी माणसाने शहर सोडावे. मला त्या दोन दिवसांत दुसरे काहीही पाहावेसे वाटले नाही.

लोहगडाचेही तसेच. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा हे चार दरवाजे एका नागमोडी वाटेत असे बसवले आहेत, की शत्रू एका दारात आला तरी वरच्या तटाच्या माऱ्याखालीच राहतो. ही रचना समजायला वर थांबून खाली पाहावे लागते. पावसाळी रविवारी त्याच पायऱ्यांवर माणसे तासन् तास अडकतात. तिथे कसला इतिहास सुचणार? मागे पुढे ढकलत माथ्यावर पोहोचणाऱ्याला नाना फडणवीसांची बाव दिसत नाही, विंचूकाट्याची सोंड फक्त सेल्फीपुरती उरते.

म्हणून सरकारकडे मागणे आहे. वारसा दर्जामुळे येणारा पैसा मोठ्या रस्त्यांवर आणि वाहनतळांवरच संपू देऊ नका. लोहगडवाडी, भाजे, बेडसे इथल्या घरांत पाहुणे राहू शकतील इतकी सोय करायला गावकऱ्यांना मदत करा. पाणी, स्वच्छतागृहे, कचऱ्याची व्यवस्था आधी करा. कार्ल्याच्या प्रत्येक शिलालेखाशेजारी त्याचा अर्थ साध्या मराठीत लिहा. गडावर एका वेळी किती माणसे जाऊ शकतात याचा आकडा ठरवा आणि तो पाळा. दिवसभराच्या गाडीवाल्यापेक्षा मुक्कामी पाहुणा गावाला जास्त देतो आणि गावाचे कमी बिघडवतो, हे मावळातल्या कुठल्याही घरी विचारून पाहा.

आणि वाचकहो, तुमच्याकडेही एक मागणे आहे. या पावसाळ्यात रविवार सोडा. मंगळवार-बुधवारची रजा टाका, मळवलीला किंवा कामशेतला उतरा, स्पीकर घरी ठेवा, वाहत्या पाण्यात उतरू नका. एक लेणे आणि एक गड, एवढेच ठरवा आणि दोन रात्री तिथेच राहा.