घाटनदेवीपाशी दीड मिनिट

कसारा घाट चढून गाडी माथ्यावर आली की चालकाचा पाय आपसूक ब्रेकवर जातो. डाव्या-उजव्या बाजूला आणखी काही गाड्या थांबलेल्या असतात, घाटनदेवीचं देऊळ आलेलं असतं. घाट सुखरूप पार पडला म्हणून हात जोडायचे, पाय मोकळे करायचे, जमलं तर चहा घ्यायचा. चालकही किल्ली फिरवतो आणि सगळ्यांबरोबर खाली उतरतो. बॉनेटखाली टर्बो असेल तर त्याच्या दृष्टीने अख्ख्या प्रवासातला सगळ्यात वाईट क्षण हाच.

खर्डीत, शहापुरात, मुरबाडच्या बाजूला अंगणात उभ्या असलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच आता टर्बोच्या आहेत. डिझेल स्कॉर्पिओ, बोलेरो या तर घाटापलीकडे नाशिकलाच तयार होतात. एक लिटरच्या आसपासची छोटी पेट्रोल टर्बो इंजिनंही आता साध्या घरगुती गाड्यांत येतात. गाडी नवी असली की तिची काळजी घ्यावीशी वाटते, आणि मग कुणीतरी सांगतं, टर्बो टायमर बसव. किल्ली काढली तरी ठरवलेला वेळ इंजिन चालू राहतं, मग आपलं आपण बंद होतं. चार-पाच वायरी जोडायच्या, रविवारच्या सकाळी घरीच होऊन जाईल. या स्तंभाचं मत स्पष्ट आहे: खर्डीच्या अंगणात या यंत्राची गरज नाही, आणि घरी घाईने बसवलेला टायमर टर्बोपेक्षा महागात पडू शकतो.

आधी टर्बोची बाजू नीट समजून घ्यायला हवी, कारण भीती खोटी नाही. टर्बो म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेली दोन पात्यांची चक्रं. एकाला इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर फिरवतो. त्या जोरावर दुसरं चक्र बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबून भरतं. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युची याने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. दांडा जोरात असताना मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. बहुतेक टर्बोंत तो इंजिन ऑइलच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगत असतो. ते ऑइल पंपाने येतं आणि पंप इंजिनाच्या जोरावर चालतो. घाट चढताना डिझेल इंजिनाचा धूर सातशे अंशांच्या घरात जातो, पेट्रोलचा त्याहूनही वर. अशा वेळी किल्ली फिरवली की पंप थांबतो, पण धुराच्या बाजूच्या लोखंडातली उष्णता थांबत नाही. ती दांड्याकडे सरकते आणि तिथे अडकलेलं ऑइल करपतं. कढईत उरलेलं तेल विसरून गॅसवर राहिलं तर तळाला जसा काळा, टणक थर धरतो, तसाच. एकदा झाल्याने काही बिघडत नाही. रोज झालं तर ऑइलची वाट अरुंद होते, दांडा झिजतो, त्याला खेळ येतो, आणि मग शिट्टीसारखा आवाज, सायलेन्सरमधून निळा धूर, ऑइल कमी होणं ही लक्षणं एकामागून एक सुरू होतात.

टायमरचा जन्म या अडचणीतून झाला. जपानमध्ये १९८० आणि १९९०च्या दशकांत टर्बोच्या वेगवान गाड्यांची लाट होती. एचकेएस, ब्लिट्झ अशा कंपन्यांनी तिथल्या हौशी चालकांसाठी छोट्या पडद्याचे टायमर बाजारात आणले. शर्यतीच्या जोराने चालवलेली गाडी घरासमोर थेट बंद होऊ नये म्हणून ते होते. त्या काळातले बरेच टर्बो फक्त ऑइलवर थंड होत.

तेव्हापासून टर्बो बदलला. बऱ्याच नव्या इंजिनांत टर्बोच्या मधल्या भागाभोवती रेडिएटरचं पाणी फिरतं. इंजिन बंद झाल्यावर तापलेलं पाणी आपोआप वर सरकत राहतं आणि उष्णता घेऊन जातं. काही गाड्यांत तर विजेवरचा छोटा पंप किल्ली काढल्यावरही थोडा वेळ चालतो. घरी आल्यावर बंद गाडीतून घरघर ऐकू आली की बिघाड समजून गॅरेज गाठणारे आहेत. अशा अनेक गाड्यांत तो बिघाड नसतो. जो टायमर विकत घेण्याचा विचार चालला आहे, त्याचंच काम कंपनीने आधी करून ठेवलेलं असतं.

आता खर्डीचा भूगोल. गाव घाटाच्या पायथ्याच्या अलीकडे, रेल्वेने तानशेत आणि उंबरमाळीच्या मध्ये. इथल्या माणसाची गाडी घरी दोनच बाजूंनी येते. नाशिककडून आली तर घाट उतरून. उतारावर पाय ॲक्सिलरेटरवर नसतो, धूर थंड असतो, टर्बो जवळजवळ रिकामा फिरतो; गाडी कसाऱ्याला पोचते तेव्हा इंजिन निवलेलं असतं. मुंबईकडून आली तर महामार्गावरून. पण महामार्ग सोडला की गावात शिरायचं, बाजारातून वाट काढायची, एखाद्या म्हशीला रस्ता द्यायचा. ही दोन-तीन मिनिटं टर्बोसाठी टायमरच असतात. ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून भरधाव आलेली गाडीसुद्धा शहापूरजवळ खुटघरला बाहेर पडली की टोलपाशी मंदावते, आणि पुढे साध्या रस्त्याने घरी येते. गाडी अंगणात लागते तोवर टर्बो शांत झालेला असतो.

टर्बो तापतो तो वर, घाटमाथ्यावर. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर आहे, आणि कोकणातून तिथे चढायला घाट थोडाच वेळ देतो. शेजारचा रेल्वेमार्ग ३७ फुटांना एक फूट इतका चढा आहे. कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडल्याशिवाय बहुतेक मेल वर जात नाहीत. रस्त्यावरच्या गाडीला मागून ढकलणारं कुणी नसतं. सात माणसं, टपावर सामान, एसी चालू, दुसरा-तिसरा गिअर. हा सगळा भार टर्बो उचलतो, आणि माथ्यावर आल्या आल्या आपण त्याचं ऑइल तोडतो. कसारा स्टेशनबाहेरून नाशिकच्या सवाऱ्या भरणाऱ्या गाड्यांना तर हे रोजचं. नाशिक येईपर्यंत सपाटीवर टर्बो थंड होतो. प्रश्न फक्त माथ्यावरच्या थांब्याचा आहे. तिथे चालकाने जागेवर बसून दीड मिनिट इंजिन तसंच चालू ठेवावं. मंडळी चपला काढून पायऱ्यांपर्यंत जातात तेवढा वेळ. एवढ्यात डिझेल जळतं ते चमचा-दोन चमचे.

एवढं सांगूनही टायमर बसवायचाच असेल, तर काम कुठे आहे ते ओळखावं. वायरी जोडायच्या असतात त्या किल्लीच्या मागच्या सॉकेटवर: एक बॅटरीचा कायमचा प्लस, इग्निशनच्या एक-दोन, एक ॲक्सेसरीची, एक अर्थ, आणि एक हँडब्रेकची. शेवटची वायर म्हणजे हँडब्रेक सोडला की इंजिन बंद करणारी सुरक्षा. नेमकी तीच वायर लांब पडते म्हणून सोडून दिली जाते. असं कधीही करू नये. वायरीच्या रंगावर विश्वास ठेवू नये, मल्टीमीटरने तपासावं. आधी बॅटरीचा मायनस काढून थोडा वेळ थांबावं, कारण स्टिअरिंगच्या त्याच परिसरात एअरबॅगच्या वायरी असतात आणि त्यांना हात लावायचा नसतो. इग्निशनच्या वायरींतून जड करंट जातो. पिळून टेप गुंडाळलेला जोड इथल्या पावसाळ्यात ओल धरतो, तापतो, वितळतो. जोड सोल्डर करावा किंवा नीट थिंबल दाबावं, फ्यूज घालावाच. आपल्या गाडीसाठी तयार सॉकेटचा हार्नेस मिळत असेल तर मूळ वायर कापूच नये. बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांत यातलं काहीच सरळ लागू होत नाही. तिथे हात घालू नये.

वायरिंगपेक्षा मोठा धोका सवयीचा आहे. डोंगराळ भागात गाडी उतारावर लावली की पहिल्या गिअरमध्ये ठेवायची, ही इथल्या चालकांची चांगली आणि जुनी सवय. टायमर असलेली गाडी तशी ठेवता येत नाही. इंजिन चालू राहायचं तर गिअर न्यूट्रलच हवा. म्हणजे मालक घरात जातो आणि गाडी उतारावर एकट्या हँडब्रेकच्या भरवशावर राहते, इंजिन बंद झाल्यानंतरही. तीच गाडी दुसऱ्याने चालवली आणि सवयीने गिअर टाकून क्लच सोडला, तर ती समोर उडी घेते. अंगणात मुलं खेळत असतात. पत्र्याच्या बंद शेडमध्ये चालू इंजिन सोडून जाणं तर त्याहून भयंकर, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कायदाही इथे आड येतो. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १२६ प्रमाणे सार्वजनिक जागी उभ्या गाडीत चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस नसेल तर यंत्र बंद करून ब्रेक लावलेला असायला हवा. खर्डी बाजारात टायमरवर गाडी सोडून भाजी आणायला जाणं म्हणजे हे कलम मोडणं.

टायमरला जाणारे पैसे योग्य ग्रेडच्या इंजिन ऑइलवर आणि वेळेवर बदललेल्या फिल्टरवर खर्च झाले तर टर्बोचं आयुष्य त्याने नक्की वाढेल. घाट उतरताना डिझेल वाचवायला इंजिन बंद करणाऱ्यांनी तर ती सवय आजच सोडावी. त्यात ब्रेकची मदत जाते आणि पॉवर स्टिअरिंगही.

जुनी स्कॉर्पिओ किंवा सफारी घेताना मात्र एक गोष्ट तपासावी. न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, किल्ली काढून बघावं. इंजिन चालूच राहिलं तर कुणीतरी टायमर बसवलेला आहे. मग स्टिअरिंगखालचं झाकण उघडायला लावावं, जोडांवर काळा, मऊ पडलेला टेप दिसतो का आणि हँडब्रेकची वायर जोडलेली आहे का ते पाहावं. तसा टेप दिसला किंवा ती वायर जोडलेली नसेल तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून मूळ वायरिंग पूर्ववत करून घेईपर्यंत ती गाडी घाटात नेऊ नये.